सतरा-अठरा

कडी आत सरकली ती सरकलीच, बाहेर यायचं नाव घेईना. पितळेची जुनी कडी होती, समुद्राच्या खाऱ्या हवेनं हिरवी पडलेली. आधी हलक्या हातानं ओढून पाहिली, मग ओढणी गुंडाळून जोर लावला, मग दाराला खांदा दिला. दार जागचं हलेना. संडास इतका चिंचोळा, की मी वळले तरी कोपर भिंतीला घासत होतं. वर एक खिडकी, तिला गज. कमोडच्या झाकणावर चढले तेव्हा खालची गल्ली दिसली आणि गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला आमचा सगळा ग्रुप. मग मला धीर आला. म्हटलं, आपली माणसं हाकेच्या अंतरावर आहेत, कशाला जीव काढायचा.

हे सगळं घडलं दक्षिण अमेरिकेत, चिली देशातल्या वालपारायसो नावाच्या बंदरात. ते नाव जिभेवर बसेना, म्हणून आम्हा बायकांनी त्याचं वालपापडी करून टाकलं होतं. सगळं शहर डोंगर चढून गेलेलं. घरं निळी, पिवळी, गुलाबी, भिंतीभिंतीवर चित्रं आणि प्रत्येक जिन्यावर पाय ताणून झोपलेलं एखादं कुत्रं. सकाळी सांतियागोहून बसनं यायचं, गाइडबरोबर हे शहर हिंडायचं, शेजारच्या गावात समुद्रकाठी जेवायचं आणि संध्याकाळी परत, असा तो दिवस होता. चोवीस जण होतो, सगळे मराठी. सोबत रोद्रिगो नावाचा तिथला गाइड आणि केदार हा आमचा टूर मॅनेजर.

केदारला एकाच गोष्टीची धास्ती होती, कुणी माणूस मागं राहू नये. म्हणून पहिल्याच दिवशी त्यानं प्रत्येकाला नंबर दिला होता. कुठूनही निघताना त्यानं हात वर केला की आम्ही शाळेतल्या हजेरीसारखे ओळीनं आपापला नंबर म्हणायचो. आमचे हे सतरा, मी अठरा. पण मी माझा नंबर स्वतःच्या तोंडानं म्हटला तो फक्त पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून हेच म्हणायला लागले, "सतरा-अठरा." एका दमात. केदार हसला, आणखी दोघातिघा नवऱ्यांनी तोच कित्ता गिरवला. मलाही काही वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? म्हटलं, घसा वाचला.

ह्यांचा स्वभावच तसा. दिनकर शेडगे, पाटबंधारे खात्यातून डेप्युटी इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. माणूस वाईट नाही हो. पिणं नाही, हात उचलणं नाही, कुणाला वेडंवाकडं बोलणं नाही. फक्त दोघांचं मिळून एकट्यानं बोलायचं. हॉटेलात गेलो की "आम्हाला दोन साधे डोसे." लग्नात तबक पुढं आलं की "आम्ही पान खात नाही." मला पान मनापासून आवडतं. परदेशात तर बघायलाच नको. माझा पासपोर्ट ह्यांच्या कमरेच्या पट्ट्यात, माझा फोन ह्यांच्या खिशात. मी कुठंतरी विसरेन म्हणून.

आणि त्या दिवशी तर ह्या सवयीपायी माझं घरदार पणाला लागलं होतं. साताऱ्यात आमचं घर आहे आणि पुढच्या दोन खोल्यांत माझा शिवणक्लास. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली. निम्म्या पेठेतल्या मुली माझ्या हाताखाली ब्लाउज बेतायला शिकल्या, कुणी त्यावर संसार उभे केले. तर मुलानं, संग्रामनं, आणि ह्यांनी मिळून ठरवलं की हे घर विकायचं आणि पुण्यात त्याच्या सोसायटीत फ्लॅट घ्यायचा. गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याला नेमका त्याच दिवशी हो की नाही ते कळवायचं होतं. घर दोघांच्या नावावर, म्हणजे सही माझीही लागणार. पण मी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. तोंड उघडलं रे उघडलं की हे म्हणायचे, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस, मी बघतो ना. टूरच्या पहिल्या दिवशी बसमध्ये माइकवर ओळखी झाल्या, तेव्हा ह्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं की आम्ही आता पुण्याला सेटल होतोय, मिसेसनाही आराम हवाय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, करते काय.

म्हणून त्या दिवशी सकाळपासून मी मनाचा हिय्या करत होते. वालपारायसोच्या चढावर धापा टाकत मनात वाक्यं जुळवत होते, मला पुण्याला यायचं नाही, मला क्लास सोडायचा नाही. एका घरगुती कॉफीच्या दुकानात ग्रुप थांबला. आम्ही दोघंच एका टेबलाशी बसलो. म्हटलं, हीच वेळ. मी म्हणाले, "अहो, मला जरा बोलायचं होतं." हे घड्याळ बघत म्हणाले, "आधी बाथरूमला जाऊन ये, पुढं सोय नाही." आणि मी गेले. अशी मी त्या कडीमागं आले.

खाली गल्लीत एक माणूस ढोल वाजवत होता. ढोल पाठीला बांधलेला, वर झांजा, आणि झांजांची दोरी पायाला. पाय आपटला की झांज वाजायची आणि तो स्वतःभोवती गरगर फिरायचा. त्या दणदणाटात माझ्या दार वाजवण्याचा काय पाड लागणार? मग ढोल थांबला, तो टोपी घेऊन लोकांसमोर फिरायला लागला आणि तेवढ्यात केदारनं हात वर केलेला मला दिसला. नंबर सुरू झाले. मी म्हटलं, देव पावला, आता अठरा आलं की सगळे इकडंतिकडं बघतील. चौदा झाले, पंधरा झाले, सोळा म्हणाल्या त्या ठाण्याच्या मीनल कामेरकर.

"सतरा-अठरा," हे म्हणाले.

ह्यांनी शेजारी बघितलंसुद्धा नाही. मोबाइलमधला कसलासा फोटो बघत होते. एकोणीस झाले, वीस झाले. मी गज धरून तशीच उभी. मग भानावर येऊन जिवाच्या आकांतानं ओरडले, "अहो!"

मीनलताईंचे मिस्टर, कामेरकर, यांनी मान वर केली. त्यांनी शेजारी बघितलं, त्यांची बायको तिथंच होती, त्यांनी मान खाली घातली. आता सांगा, त्या गल्लीत दहा बायकांचे दहा अहो उभे होते. तीस-पस्तीस वर्षं ज्या हाकेनं मी घर हलवलं, त्या हाकेवर तिथं कुणाचंच नाव नव्हतं. माझ्या तोंडून "दिनकर" निघेपर्यंत त्या बाबानं पुन्हा ढोल सुरू केला. नवऱ्याचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं घेतलं, आणि ते त्या झांजांत गेलं. ग्रुप जिना उतरून बसच्या दिशेनं निघून गेला. ह्यांची पांढरी टोपी सगळ्यात शेवटी वळली.

मग मात्र मी रडले. रागानं म्हणा, भीतीनं म्हणा. खिशात पैसा नाही, फोन नाही, पासपोर्ट नाही, हॉटेलचं नाव धड आठवेना. आणि बसमध्ये कुणाच्या लक्षात यायचीही सोय नव्हती. एव्हाना आमच्या बसचे दोन भाग झाले होते, पुढं पुरुष आणि मागं तंबोला खेळणाऱ्या बायका. मागच्या सीटवर मला मळमळतं म्हणून मी सकाळी बसमधून उतरतानाच मीनलताईंना सांगितलं होतं की आता इथून निघताना मी पुढं बसणार. म्हणजे बायका समजणार मी पुढं आहे, आणि हे समजणार मी मागं आहे.

दार वाजवून वाजवून हात लाल झाले तेव्हा पलीकडून एका बाईचा आवाज आला. "त्रांकिला, त्रांकिला," असं ती म्हणत राहिली, लहान मुलाला थोपटावं तशी. ती दुकानाची मालकीण, एल्विरा. तिनं शेजाऱ्याला बोलावलं, दोघांनी बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दार उलट्या बाजूनं उघडलं. मी बाहेर आले ती तिच्या गळ्यातच पडले. उंचीनं माझ्याएवढीच, अंगाला कांद्याच्या फोडणीचा वास. तिनं मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि आपला फोन माझ्यापुढं ठेवला. खुणेनं म्हणाली, लाव कुणाला लावायचा त्याला.

आता आली का पंचाईत? ह्यांचा नंबर मला पाठ नव्हता. कधी लागलाच नाही, हे कायम दोन हातांवर. संग्रामचाही नाही. साऱ्या जगात एकच नंबर मला येत होता, माझ्या क्लासच्या पाटीवरचा. तो मालनचा. मालन माझ्याकडं पहिल्या बॅचला शिकायला आली आणि शिकवायलाच राहिली. येताजाता ती पाटी वाचून वाचून नंबर डोक्यात बसला होता. आधी एक्क्याण्णव लावायचं हे मला मस्कतच्या मामेभावामुळं माहीत होतं. साताऱ्यात जेवणं उरकून आवराआवर चालली असणार. मालननं उचलला.

आधी तिला माझा आवाज ओळखू येईना. मग मी कुठं आहे, कशी अडकले, ते सगळं सांगितलं. तिनं अगंबाई, अगंबाई केलं. साहेबांचा नंबर माझ्याकडं आहे, आत्ता लावते, म्हणाली. ठेवायचा ना फोन, पण ठेवेना.

"बाई, एक विचारू?" ती म्हणाली. "राग नका येऊ देऊ. तुम्ही मला स्वतः का नाही सांगितलं?"

"काय सांगितलं नाही?"

"क्लास बंद करताय ते. साहेबांचा फोन आला होता तिकडनं, चार दिवस झाले. म्हणले, बाईंचं मन उडालंय आता, मशिनं हलव. उद्या सकाळी टेम्पो येणारे. पोरींना मी सांगून टाकलं. पण बाई, एवढी वर्षं झाली, दोन शब्द तुमच्या तोंडनं ऐकायला मिळाले असते तर बरं वाटलं असतं."

ती रडत होती. चार दिवस म्हणजे आम्ही रिओत होतो तेव्हा. हे हॉटेलच्या गॅलरीत उभं राहून फोनवर बोलत होते, आणि मी आत ह्यांचे मोजे वाळत घालत होते. माझं मन उडालंय ही बातमी साताऱ्यातल्या शिवणाऱ्या पोरींना कळली, शेजारच्या किराणावाल्याला कळली असेल, आणि मला मात्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, परक्या बाईच्या फोनवर कळत होती. त्या संडासात कोंडले होते तेव्हा निदान दार तरी दिसत होतं.

"मालन, डोळे पूस," मी म्हणाले. "टेम्पोवाल्याला आत्ताच्या आत्ता नाही म्हणून कळव. एकही मशीन जागचं हलायचं नाही. उद्या क्लास लाव, रोजच्यासारखा."

"पण साहेब म्हणले..."

"साहेब म्हणाले असतील. मी, प्रमिला शेडगे, सांगतेय."

मग मी तिला आणखी एक सांगितलं, की ह्यांना फोन करू नकोस. कळू दे त्यांना आपापलं. एल्विरानं माझ्यापुढं कॉफी आणि कसलासा गोड पाव ठेवला. मी तो सगळा खाल्ला. ह्यांच्या शुगरमुळं आमच्याकडं गोड वर्ज्य आहे, म्हणजे माझ्यासाठीही.

बराच वेळ गेला. मनात धाकधूक होतीच, आलेच नाहीत तर काय? शेवटी जिन्यावर धावती पावलं वाजली. पुढं केदार, हात जोडतच आला. मागं हे, टोपी हातात, शर्ट घामानं चिकटलेला. चेहरा असा उतरलेला मी ह्यांचा सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता. मला बघितलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मग अपेक्षेप्रमाणं रागावले. सांगून जायचं नाही का, जिवाला घोर लावलास, वगैरे. तुम्हीच पाठवलंत, एवढंच मी म्हणाले. मीनलताईंनी मला नंतर सांगितलं की समुद्रकाठच्या हॉटेलात जेवणं सुरू झाली, सगळ्यांची ताटं भरली आणि रोज मी वाढून आणते ते ह्यांचं ताट काही आलं नाही. तेव्हा ह्यांनी मागं वळून विचारलं, प्रमिला कुठंय?

पण खरं सांगते, ह्यांना एल्विरानं दिलेला पाण्याचा ग्लास धरवेना. मी तो धरून ह्यांना पाणी पाजलं. वाटलं, जाऊ दे, सापडलो एकमेकांना, पुढचं पुढं. चांगल्या माणसाबरोबर असलं की हीच अडचण असते, भांडायला घ्यावं तर त्याची दया येते. मी हातातल्या रुमालानं ह्यांचं कपाळ पुसलं. मी जवळजवळ गप्प बसणारच होते.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. संग्राम होता. घाबरून ह्यांनी वाटेतूनच त्याला फोन केला होता.

"हो, हो, सापडली," हे म्हणाले. "सुखरूप आहे. नाही नाही, आम्ही ठीक आहोत दोघं. आणि हे बघ, या गडबडीत राहून गेलं. त्या पार्टीला कळवून टाक, आमचा होकार आहे."

मी शेजारी उभी. माझा हात अजून ह्यांच्या कपाळावर.

"द्या इकडं," मी म्हणाले. ह्यांना वाटलं मला लेकाशी बोलायचंय, ह्यांनी लगेच फोन दिला.

"संग्राम, मी बरी आहे," मी म्हणाले. "जेवलास का? ऐक आता. त्या माणसाला नाही म्हणून कळव. मी सही करणार नाही. मला पुण्याला राहायला यायचं नाही, मला माझा क्लास चालवायचाय."

मग तो म्हणाला, "आई, तू घाबरलेली आहेस. फोन बाबांना दे."

"बाबा इथंच उभे आहेत. बोलतेय मी."

माझा आवाज चढला नव्हता, तरी केदार भिंतीवरची चित्रं बघायला लागला. मुलगा काहीबाही बोलत होता, की सगळं तुझ्याच सोयीसाठी केलं, बाबा म्हणाले तुला चालणार आहे. मी म्हटलं, पुढच्या वेळी मला काय चालणार ते मला विचार, माझा नंबर आहे तुझ्याकडं. आणि फोन बंद करून ह्यांच्या हातात दिला.

हे म्हणाले, "अगं, मला आधी सांगायचंस."

"सांगायला तोंड उघडलं होतं. तुम्ही बाथरूमला पाठवलंत," मी म्हणाले. "मी वरच्या खिडकीत होते. केदारनं नंबर घेतले तेव्हा तुम्ही अठरा म्हणालात. मी ऐकलं."

ह्यांना आधी कळलंच नाही. मग कळत गेलेलं मला चेहऱ्यावर दिसलं. हे हळूच खुर्चीत बसले. एल्विरानं ह्यांच्यापुढंही कॉफी ठेवली, तिला वाटलं असेल की म्हाताऱ्याला चक्कर आली. हे कपातच बघत बसले. ह्यांनी संग्रामच्या सोसायटीत मित्र जमवले होते, तिथल्या बागेत सकाळी फिरायच्या गोष्टी वर्षभर चालल्या होत्या. ते सगळं त्या कपात दिसत असावं.

"मग मी काय करू?" ह्यांनी विचारलं.

किती साधा प्रश्न. ह्या माणसानं मला आयुष्यात हजारदा विचारलेला. कुठला शर्ट घालू, औषध आत्ता घेऊ की नंतर, दादाला काय सांगू. दरवेळी मी उत्तर दिलं होतं, तोंडातून शब्द सुटायच्या आधी. त्या दिवशीही उत्तर जिभेवर आलं होतं. राहा ना इथंच माझ्याजवळ, म्हणून. किंवा जा तुम्ही पुण्याला, मी येत जाईन शनिवारी. दोन्ही तयार होती.

"ते तुमचं तुम्ही ठरवा," मी म्हणाले.

केदारनं टॅक्सी बोलावली. आम्ही एल्विराचा निरोप घेतला आणि जिना उतरून खाली आलो. ह्यांनी माझा पासपोर्ट आणि फोन काढून माझ्या हातात दिले.

क्लास आजही चालू आहे, मालनच त्याची मालकीण झालीय आता जवळजवळ. ह्यांना त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बरेच महिने लागले. पण दिलं, स्वतःच्या तोंडानं दिलं. काय दिलं म्हणून लोक मला विचारतात, पुण्याच्या जावाही विचारतात. मी काही सांगत नाही. ते त्यांचं त्यांना विचारा.